मेंढीच्या ग्रंथीतून जीवदान

अंगावर सूज, कोरडी पडलेली त्वचा, जड झालेली जीभ आणि दिवसेंदिवस मंदावत जाणारी बुद्धी. मिक्सिडिमा नावाचा हा आजार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत असाध्यच समजला जात असे. त्यावर खात्रीचा इलाज शोधला तो डॉ. जॉर्ज रेडमेन मरे यांनी, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी.

इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या एका डॉक्टरच्या घरात १८६५ मध्ये मरे यांचा जन्म झाला. शिक्षण केंब्रिज व लंडनमध्ये. थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी काढलेल्या माकडांत मिक्सिडिमासारखी लक्षणे दिसतात, हे लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ले यांनी दाखविले होते. रुग्णाच्या त्वचेखाली मेंढीची ग्रंथी बसवून पाहावी, असेही त्यांनी सुचविले. १८९० मध्ये लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी तसे केले, तेव्हा रुग्ण महिलेला दुसऱ्याच दिवसापासून उतार पडू लागला. मरे यांच्या चाणाक्ष बुद्धीने नेमके हेच हेरले. इतक्या अल्पावधीत बसविलेल्या ग्रंथीला रक्तपुरवठा सुरू होणे शक्य नाही. अर्थात गुण आला तो तिच्यातून झिरपलेल्या रसाचा. मग शस्त्रक्रियेची यातायात कशाला? नुसता अर्कच टोचावा!

फेब्रुवारी १८९१ मध्ये स्थानिक डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा एका सदस्याने तिची चक्क खिल्ली उडविली. मरे डगमगले नाहीत. मेंढीची ताजी ग्रंथी मिळवून ग्लिसरीन व कार्बोलिक आम्लाच्या साह्याने त्यांनी अर्क काढला आणि एप्रिलमध्ये ४६ वर्षांच्या एका महिलेला तो टोचण्यास प्रारंभ केला. तीन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावरील सूज ओसरली, बोलण्यात पूर्वीचा वेग आला. ऑक्टोबरमध्ये ही हकिगत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथी पोटात घेतली तरी गुण येतो, हे पुढच्याच वर्षी इतरांनी सिद्ध केले. एका डॉक्टरने तर ती किंचित तळून जेलीबरोबर खाण्यास दिली!

ती महिला त्यानंतर तब्बल २८ वर्षे जगली. १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी तिचे निधन झाले, तोवर तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. शरीरात उणा पडलेला स्राव बाहेरून पुरविण्याचा हा यशस्वी प्रयोग इन्सुलिनच्या तीन दशके आधीचा, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मरे १९०८ मध्ये मँचेस्टर येथे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले.

अर्काची जागा पुढे थायरॉक्सिनच्या गोळीने घेतली. मिक्सिडिमाचा रुग्ण बेशुद्धावस्थेत गेल्यास हेच संप्रेरक शिरेवाटे देऊन प्राण वाचविण्याचा प्रयत्न केला जातो. मात्र अतिदक्षता विभागातील अन्य गंभीर रुग्णांना मरे यांचा साधा हिशेब लागू पडत नाही. त्यांच्या रक्तातील थायरॉइड संप्रेरक कमी झालेले आढळले, तरी ग्रंथी निकामी झालेली असतेच असे नाही. अशांना ते बाहेरून देण्याचा निश्चित लाभ आजवरच्या चाचण्यांत दिसलेला नाही.