थोरांची ओळख : बालगंधर्व

यंदाच्या गणेशोत्सवात करोंदच्या आपल्या मांडवात मुलांचे नाट्यप्रवेश झाले, ते बहुतेक पालकांनी पाहिलेच आहेत. एक गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आली असेल. आपल्या शाळेतली एक विद्यार्थिनी चाकाच्या खुर्चीवरून शाळेत येते. गळा गोड, पाठांतर चोख. नांदी तिनेच म्हणायची हे महिनाभर आधी ठरले होते. पण आम्ही मंच उभारला तो चार फूट उंच, आणि चढायला बाजूला अरुंद लोखंडी पायऱ्या. ऐन वेळी तिला मंचाखाली, ध्वनिवर्धकाच्या खांबाजवळ बसवून नांदी म्हणवून घेतली. आवाज सर्वांना ऐकू गेला, पण गाणारी मुलगी पहिल्या दोन रांगांपलीकडे कोणाला दिसली नाही. चूक सर्वस्वी आमची. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला विचारले की ज्याला चालता येत नाही असा कोणी मोठा नट आपल्यात होऊन गेला आहे का. उत्तर चटकन सुचले नाही. घरी परतताना जे नाव आठवले ते इतके ओळखीचे होते की आमचे आम्हालाच नवल वाटले.

ते नाव म्हणजे बालगंधर्व. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी नोकरीनिमित्त देश सोडताना त्यांच्या गाण्याच्या तबकड्या ट्रंकेतून इकडे आणल्या होत्या. त्यांच्याविषयी आपल्या घरांतून बोलले जाते ते शालू, पैठण्या, अत्तराचा दरवळ आणि वन्समोअर यांबद्दल. तरुणपणी त्यांना कानाच्या दुखण्याने गाठले होते आणि उतारवयात त्यांचे पाय गेले होते, हे कोणी सांगितलेच तर शेवटी, सुस्कारा टाकून सांगतात. आम्ही ते आधी सांगणार आहोत.

त्यांचे मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. राजहंसांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. नारायणाचा जन्म 26 जून 1888 चा. घरात गाण्याची आवड होती आणि मुलाचा गळा उपजतच सुरेल होता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले. तेच नाव जन्मभर राहिले. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला.

त्या काळी संगीत नाटक ही मराठी माणसाची सर्वात मोठी करमणूक होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हापासून कंपन्या गावोगाव फिरत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या मराठी संस्थानांतही त्यांचे मुक्काम पडत. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. किर्लोस्कर कंपनीचे गाजलेले नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले आणि कंपनीला त्यांच्या जागी तसा गळा व तसे रूप असलेला मुलगा मिळेना.

अशा वेळी नारायणाच्या कानाचे दुखणे मध्ये आले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले होते. कानात दोष आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन इस्पितळात पाठवले. डॉ. वानलेस यांच्या शस्त्रक्रियांमुळे या इस्पितळाचा तेव्हा दूरवर लौकिक होता. किर्लोस्कर कंपनीचा मुक्कामही त्याच सुमारास मिरजेत होता. तिथेच गाठ पडली आणि 1905 मध्ये, सतराव्या वर्षी, नारायण किर्लोस्कर कंपनीत दाखल झाला. गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याला अभिनयाची तालीम दिली आणि तो शकुंतला म्हणून प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

शाहू महाराजांचे हे करणे आम्हाला फार मोलाचे वाटते. गाणाऱ्याचा कान अधू म्हटल्यावर त्याला दुसरा काही उद्योग शोध असा सल्ला देणारे शंभर जण भेटतात. महाराजांनी सल्ला दिला नाही, दवाखान्याची सोय केली.

नटाला कान किती लागतो, हे आपल्या मुलांनी समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. ऑर्गन, सारंगी, तबला ही साथ मंचासमोर खाली बसलेली असे. नटाने तिकडे कान ठेवायचा, समोरच्या पात्राचे भाषण ऐकायचे, प्रॉम्प्टरचे कुजबुजणे टिपायचे, आणि हे सारे चालू असता शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसापर्यंत आपला आवाज पोचवायचा. विज्ञानाच्या तासाला मुले शिकतात की स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो. म्हणून बाहेरचे कमी ऐकू येणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपला सूर आतून कळू शकतो. कमी ऐकू येणारे मूल गाण्याच्या वर्गात नको, असे म्हणण्यापूर्वी शिक्षकांनी हे एकदा आठवावे.

किर्लोस्कर कंपनीत बालगंधर्वांनी शकुंतला, सुभद्रा अशा एकामागून एक नायिका रंगवल्या. मूकनायक या नाटकातही ते असत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या या नाटकाचा नायक मुका असल्याचे सोंग घेतो. (आपल्या रंगभूमीवर मुकेपणा, आंधळेपणा आला तो असा पुष्कळदा सोंग म्हणून किंवा रूपक म्हणून. 1933 मध्ये गाजलेल्या आंधळ्यांची शाळा या नाटकातही नावाप्रमाणे अंध विद्यार्थ्यांची शाळा शोधायला जाल तर सापडणार नाही.) 1911 च्या मार्चमध्ये मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या मानापमानाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही, त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही गोष्ट कर्तव्याचा धडा म्हणून मुलांना सांगतात. आम्हाला मात्र त्या दिवशी पडदा उघडला नसता तरी चालले असते, असे वाटते.

1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढची वीसेक वर्षे हा मराठी रंगभूमीचा वैभवाचा काळ. 1916 मध्ये स्वयंवर आले, त्याच्या पदांना चाली भास्करबुवांच्या. 1919 मध्ये गडकऱ्यांचे एकच प्याला, 1920 मध्ये द्रौपदी. रुक्मिणीसाठी भरजरी शालू नेसणारा हा नट सिंधूसाठी ठिगळाचे लुगडे नेसून येई आणि प्रेक्षक तितकेच भारावून जात. साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी. त्यांची वेणीफणी आणि लुगडे नेसण्याची तऱ्हा पाहून बायका घरी तशी नटत. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्याबरोबर संयुक्त मानापमानाचा प्रयोग मुंबईत झाला. त्याच सुमारास कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला होता. हिशेबाकडे बालगंधर्वांचे लक्ष कधीच नव्हते, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे. तरी नाटके करून त्यांनी ते कर्ज फेडले.

बोलपट आले आणि नाटक कंपन्यांची थिएटरे ओस पडली. 1935 मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. ती पुरुषाची, दाढीमिशांच्या बाजूची! पण कॅमेऱ्याशी त्यांचे सूत जुळले नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले. गोहरबाई कर्नाटकी ही गुणी गायिका त्यांच्या जीवनात आणि मंडळीत आली, ती याच दशकात. 1940 मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या.

पुढे वय झाले, अंग सुटले, आणि मग पाय गेले. ज्यांच्या चालीवर लोक वेडे झाले होते त्यांना पाऊल टाकता येईना.

इथे आम्ही जरा थांबतो. मराठी प्रेक्षकांच्या कल्पनाशक्तीला कशाचीही अडचण नव्हती. मिशा काढलेला पुरुष त्यांनी रुक्मिणी म्हणून मानला, पन्नाशीच्या नटाला सोळा वर्षांची भामिनी म्हणून मानले. रंगवलेल्या पडद्याला राजवाडा मानले. मग बसलेली सिंधू का मानता येऊ नये? एकच प्याल्यातली सिंधू दळताना तर बसलेलीच असते. पण नाटक म्हटले की प्रवेश करायचा आणि प्रस्थान करायचे, म्हणजे चालायचे, हे सर्वांच्या डोक्यात पक्के बसलेले. नायिकेचा पुरुष असणे चालत होते, तिचे पाय नसणे चालत नव्हते.

बालगंधर्वांना वाट सापडली ती भजनाची. भजन त्यांना नवे नव्हते. 1931 च्या कान्होपात्रा नाटकात त्यांनी संतांची पदे गायली होती आणि ती लोकांच्या तोंडी होती. आता तेच गाणे घेऊन ते बैठकीत बसू लागले. भजनाच्या बैठकीत गाणारा बसतो, टाळकरी बसतात, ऐकणारेही बसतात. कोणाचे पाय चालतात आणि कोणाचे नाही हा प्रश्नच तिथे उठत नाही. त्यांना उचलून आणून बसवावे लागे, पण एकदा बसले की समोरच्या माणसाला दिसत तो फक्त गाणारा. गोहरबाईंनी या दिवसांत त्यांची सोबत केली. हलाखी होती, ती झाकायचे कारण नाही. आवाज थकला होता तरी लोक येत. काही गाणे ऐकायला, काही नुसते डोळे भरून बघायला.

आम्हाला या बैठकीत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सापडले. पुढील वर्षी नांदी आणि पहिला गीतांचा भाग सतरंजीवर, सर्वांनी बसून करायचा. उरलेले निम्मे उत्तर गणिताचे आहे. चाकाची खुर्ची सुखाने चढायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. चार फुटांच्या मंचाला अठ्ठेचाळीस फूट, म्हणजे अर्धा मांडव तिथेच संपला. मंच एक फुटावर आणला की बारा फुटांत काम होते. मागच्यांना दिसावे म्हणून मधली वाट मोकळी ठेवता येईल आणि पुढच्या रांगांना खुर्च्यांऐवजी सतरंज्या घालता येतील. कमी ऐकणाऱ्या आजी-आजोबांची जागा ध्वनिवर्धकाजवळ नव्हे, तर गाणाऱ्याचे ओठ दिसतील अशी समोर हवी. 1984 च्या वायुकांडानंतर आपल्या या उत्तर भोपाळात दम, अधू नजर, थकलेले पाय हे घराघरांतले दुखणे झाले. तरी मांडवाला पायऱ्या किती असाव्यात याचा विचार आम्ही इतक्या वर्षांत केला नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांसाठी स्वतंत्र कलम आहे. आम्हाला मात्र ते एका मुलीच्या प्रश्नानंतर वाचावेसे वाटले.

बालगंधर्वांचा मान उतारवयातही राहिला. 1955 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1964 मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या आणि ते एकटे पडले. सन्मानांची शाल अंगावर पडत होती, पण रोजच्या उठण्याबसण्याला आधार लागत होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच दिवसात घडू शकतात, हे मोठ्यांच्या चरित्रात सहसा येत नाही.

पुण्यात महापालिकेने त्यांच्या नावाचे नाट्यगृह बांधायचे ठरवले. पु. ल. देशपांडे या कामात पुढे होते. 8 ऑक्टोबर 1962 रोजी भूमिपूजन झाले, ते खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. ज्या रंगमंचावर आपण पाऊल ठेवू शकणार नाही त्याची कुदळ त्यांनी मारली. इमारत उभी राहण्याआधीच, 15 जुलै 1967 रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. नाट्यगृह 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, प्रेक्षकांसाठी उघडले.

आपल्या विद्यार्थिनीला आम्ही हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग बारा फुटांचा उतार लाकडाचा असणार की लोखंडाचा, एवढेच विचारले. लाकडाचा, असे आम्ही सांगितले आहे. मंडीजवळच्या वखारीतून फळ्यांचा भाव आणला आहे; ज्या पालकांना सुतारकामाची माहिती आहे त्यांनी दिवाळीच्या सुटीपूर्वी शाळेत भेटावे.