परदेशात जुळलेली ग्रीसची एकी अथेन्समध्ये ४६ दिवसांत का तुटली?

१८ ऑक्टोबर १९४४. अथेन्समध्ये तोबा गर्दी होती. साडेतीन वर्षं परदेशातून चालणारं ग्रीसचं सरकार मायदेशी परतलं होतं. पंतप्रधान जॉर्जिओस पापांद्रेऊ यांनी अॅक्रोपोलिसवर राष्ट्रध्वज फडकवला.

४६ दिवसांनी याच शहरात पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. असं काय बिनसलं?

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा घुसल्यावर राजा दुसरा जॉर्ज आणि त्याचं सरकार देश सोडून गेलं. आधी लंडन, मग कैरो. इकडे डोंगरात लढणाऱ्यांमध्ये सर्वांत ताकदवान होती कम्युनिस्टांच्या पुढाकाराची ‘ईएएम’ ही आघाडी. मार्च १९४४ मध्ये तिने डोंगरातच वेगळं सरकार थाटलं. पाठोपाठ इजिप्तमधल्या ग्रीक सैन्यात बंड झालं आणि पंतप्रधान त्सुदेरोस यांची खुर्ची गेली.

तेव्हा पापांद्रेऊ यांचं नाव पुढे आलं. १८८८ मध्ये जन्मलेले, माजी शिक्षणमंत्री. हुकूमशहा मेटाक्सास यांनी त्यांना हद्दपार केलं होतं. राजेशाहीला विरोध आणि कम्युनिस्टांनाही. त्यामुळे ब्रिटनला ते सोयीचे वाटले.

मे १९४४ मध्ये बेरूतजवळ त्यांनी सगळ्या गटांना एकत्र बसवलं. राष्ट्रीय एकतेचं सरकार ठरलं. बरीच घासाघीस होऊन सप्टेंबरमध्ये ईएएमचे सहा मंत्री त्यात आले.

मंत्रिपदांचं वाटप जमलं, पण बंदुकांचं नाही. देश मोकळा झाल्यावर सरकारने गनिमी फौजेला १० डिसेंबरपर्यंत शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. ईएएमचं म्हणणं होतं, मग परदेशातून आलेली सरकारची ‘माउंटन ब्रिगेड’ही बरखास्त करा. तोडगा निघाला नाही, मंत्र्यांनी राजीनामे दिले. ३ डिसेंबरला सिंटाग्मा चौकात मोर्चावर गोळीबार झाला आणि अथेन्समध्ये महिनाभर लढाई पेटली. ब्रिटिश फौजाही त्यात उतरल्या. जानेवारीत पापांद्रेऊ पायउतार झाले. १९४६ ते १९४९ या काळात देश यादवी युद्धात होरपळला.

पापांद्रेऊ मात्र संपले नाहीत. १९६३ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. १९६५ मध्ये राजाशी खटका उडाला, पद गेलं. १९६७ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यांना नजरकैदेत ठेवलं.

१ नोव्हेंबर १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेला लाखोंचा जनसागर लोटला आणि तिचं रूपांतर लष्करशाहीविरोधी निदर्शनात झालं. जी एकी त्यांना १९४४ मध्ये टिकवता आली नाही, ती त्या दिवशी अथेन्सच्या रस्त्यावर दिसली.