ट्रॅक्टर पुढून का उचलतो? हॅरी फर्ग्युसन यांनी अर्धे आयुष्य दिले ते कोडे

तळेगाव ढमढेरेच्या शिवारात वेळ नदीकाठचा ऊस तुटायला लागला की एक दृश्य हमखास दिसते. भरलेली दोन चाकी ट्रॉली ओल्या फडात रुतलेली, चालक क्लच सोडतो आणि छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाके हातभर वर येतात. मग बंपरवर दोघा-तिघांना बसवले जाते (हे कृपया करू नका, घसरून पडलेला माणूस थेट चाकाखाली जातो). शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात याचे कुणाला फारसे नवल वाटत नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी मात्र एका आयरिश मेकॅनिकला याचे नवल वाटले. आज जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारे दोन बाहू आणि वरची टॉप लिंक ही त्याचीच देणगी.

कोण होते हॅरी फर्ग्युसन?

4 नोव्हेंबर 1884 रोजी आयर्लंडमधील ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल येथे एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांत ते चौथे. शेतीत मन रमेना, म्हणून 1902 मध्ये ते बेलफास्टला भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेले. 31 डिसेंबर 1909 रोजी त्यांनी स्वतः बांधलेले विमान स्वतःच उडवले. आयर्लंडमध्ये असे करणारे ते पहिलेच. पुढे मोटारींचे स्वतःचे दुकान थाटले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ट्रॅक्टरही विकू लागले. शेत सोडून गेलेला मुलगा असा पुन्हा नांगराशी येऊन ठेपला.

1917 मध्ये सरकारने त्यांच्यावर आयर्लंडमधील ट्रॅक्टरांची कामगिरी सुधारण्याचे काम सोपवले. सहकारी विली सँड्स यांना घेऊन ते गावोगाव नांगरट पाहत फिरले. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे बैलगाडीसारखा नुसता जोडलेला असे. तो जमिनीतल्या दगडाला अडला की मागची चाके थांबत, पण इंजिन थांबत नसे. चाके फिरेनात, तेव्हा ट्रॅक्टरचे धडच मागच्या एक्सलभोवती फिरू लागे आणि मागे उलटून चालकावर येई. त्याच वर्षी बाजारात आलेला हेन्री फोर्ड यांचा हलका फोर्डसन ट्रॅक्टर यासाठी बदनाम झाला. पुढची चाके उचलल्यापासून सावरण्याची वेळ निघून जाईपर्यंत जेमतेम पाऊण सेकंद मिळतो. तेवढ्यात क्लच दाबणे बहुतेकांना जमत नाही.

त्या काळी यावर उपाय म्हणून ट्रॅक्टर जड केले जात. फर्ग्युसन यांना तो मार्ग पटला नाही. जड ट्रॅक्टर जमीन दाबतो आणि इंधनही जास्त पितो. दोष वजनाचा नाही, ओढ कुठून लागते याचा आहे, हे त्यांनी ओळखले.

हुकाच्या उंचीने एवढा काय फरक पडतो?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मोमेंटची गणिते आम्ही पुलांच्या तुळयांवर सोडवली. ट्रॅक्टरवर सोडवली असती तर जास्त लक्षात राहिली असती.

समजा, छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर 400 किलो वजन आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर आहे. ट्रॉलीच्या दांडीचा हुकावर 300 किलो भार येतो आणि हूक मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर मागे आहे. नुसत्या या भाराने पुढचे 100 किलो कमी होतात. आता ट्रॉली चिखलातून काढायला 500 किलोची ओढ लागली. हूक जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर असेल, तर आणखी 150 किलो जातात आणि पुढे 150 उरतात. तीच ओढ 90 सेंटिमीटर उंचीवरून लागली, तर 300 किलो जातात. पुढे उरले शून्य! स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळणार नाही. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण हिशेब प्रत्येक ट्रॅक्टरला लागू आहे. चढ आला की तो आणखी बिघडतो.

फर्ग्युसन यांनी 1920च्या दशकात हाच हिशेब उलटा फिरवला. खालच्या दोन बाहूंनी नांगर ओढायचा आणि वर तिसरा दांडा द्यायचा. माती नांगराला अडवते तेव्हा नांगर पुढे कलंडू पाहतो, टॉप लिंक दाबली जाते आणि तो दाब ट्रॅक्टरचे नाक खाली ठेवायला मदत करतो. याच टॉप लिंकला त्यांनी हायड्रॉलिक लिफ्टची झडप जोडली. नांगर दगडाला अडला की मागच्या चाकांवरचा जादा भार आपोआप सुटतो आणि चाके जागेवर फिरतात. ट्रॅक्टर उभा राहत नाही.

अडचण अशी, की ही सोय नांगरासारख्या अवजारांसाठी आहे. रुतलेले वाहन टोचन करताना किंवा झाडाचा बुंधा उपसताना टॉप लिंकच्या ब्रॅकेटलाच साखळी अडकवली, तर ओढ नेमकी एक्सलच्या वरून लागते आणि फर्ग्युसन यांनी घालवलेला धोका त्यांच्याच जोडणीतून परत येतो. खालच्या बाहूंमधल्या भोकांच्या पट्टीला ट्रॉली लावून लिफ्ट उचलली, तरी तेच. ओढायचे ते खालच्या ड्रॉबारवरून.

दांडीवर भार किती हवा?

ऑक्टोबर 1938 मध्ये फर्ग्युसन यांनी आपला ट्रॅक्टर अमेरिकेत नेऊन हेन्री फोर्ड यांना चालवून दाखवला आणि दोघांचा व्यवहार केवळ हस्तांदोलनावर ठरला. 1939 मध्ये त्यातून फोर्ड 9एन आला. फोर्ड यांच्या नातवाने तो करार मोडला तेव्हा फर्ग्युसन यांनी कोर्ट गाठले आणि 1952 मध्ये 92 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान 1946 पासून इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे त्यांचा करड्या रंगाचा टीई-20 तयार होऊ लागला होता. तो दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक निघाला.

या छोट्या ट्रॅक्टरसाठी त्यांनी दोन चाकी ट्रॉलीही बनवली. तिचा एक्सल मुद्दाम मागे सरकवलेला होता, म्हणजे मालाचा काही भार दांडीवरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यावा आणि पकड वाढावी. हूक मात्र खाली, एक्सलच्या पातळीखाली ठेवला.

बैलगाडी हाकलेल्यांना हे सांगावे लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलते. पुढे जास्त झाला की बैलांच्या खांद्यावर येते. ट्रॉलीचेही तसेच. उलाळ ट्रॉली मागच्या चाकांची पकड काढून घेते आणि रस्त्यावर झोल खाते. दांडी फार जड झाली तर पुढची चाके हलकी होतात. ड्रॉबारवर जास्तीत जास्त किती उभा भार चालतो, हे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. हॉर्सपॉवरवरून ते कळत नाही.

आपल्या ट्रॉलीचा भार मोजणे अवघड नाही, वजनकाटे आपल्याकडे जागोजागी आहेत. आधी ट्रॅक्टर काट्याबाहेर ठेवून, ट्रॉली जोडलेलीच असताना फक्त तिची चाके काट्यावर घ्या. मग चाकांना उटी लावून ट्रॉली सोडवा आणि दांडी टेकूवर ठेवून ती पूर्णपणे काट्यावर तोला. दोन वजनांतला फरक म्हणजे हुकावरचा भार.

1953 मध्ये फर्ग्युसन यांनी आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. 1958 पासून तिचे नाव मॅसी फर्ग्युसन झाले. त्याच वर्षी जानेवारीत एडमंड हिलरी टीई-20 ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले. फर्ग्युसन तोवर कंपनीतून बाहेर पडून चारही चाकांवर ओढणाऱ्या मोटारीच्या मागे लागले होते. 25 ऑक्टोबर 1960 रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने मद्रासमध्ये टॅफे कंपनी सुरू झाली, आणि फर्ग्युसन हे आडनाव ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसून आपल्या बांधांपर्यंत आले. लोकांनी मात्र त्यातले मॅसी तेवढे उचलले.