डॉ. जेरोम लेज्यून : विशेष मुलांचे डॉक्टर



घरात डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मले की आपल्याकडे आजही पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो. ग्रहणात बाहेर पडली होतीस का? काय खाल्लेस? माहेरी कुणाला असे होते का? सत्तर वर्षांपूर्वी युरोपातही फार वेगळे नव्हते. आईवडिलांच्या व्यसनाला किंवा गुप्तरोगाला दोष दिला जाई. हा कलंक ज्या संशोधनाने पुसला, त्यात डॉ. जेरोम लेज्यून यांचा मोठा वाटा होता. या रविवारी त्यांची ओळख करून घेऊ या.

जेरोम यांचा जन्म १३ जून १९२६ रोजी पॅरिसजवळच्या मोंरूज या गावी झाला. डॉक्टर झाल्यावर ते प्रा. रेमों तुर्पां यांच्या विभागात विशेष मुलांवर उपचार करू लागले. १९५२ साली डेन्मार्कच्या बिर्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे नक्की कळले ते १९५६ साली. त्यानंतर डॉ. मार्थ गोतिए यांनी तुर्पां यांच्या विभागात पेशी वाढवण्याचे अवघड तंत्र बसवले आणि १९५८ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे मोजली गेली. २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन होते. जानेवारी १९५९ मध्ये हा शोध तिघांच्या नावे प्रसिद्ध झाला. प्रसिद्धी मात्र लेज्यून यांना मिळाली आणि गोतिए यांचे श्रेय झाकले गेले, ही खंत पुढे अनेकांनी बोलून दाखवली. आईवडिलांसाठी या शोधाचा अर्थ सरळ होता : तुमचे काही चुकलेले नाही.

पुढे पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्यांच्याकडे दूरदूरहून कुटुंबे येत. मुलांना ते नावाने ओळखत. आपल्याच शोधाच्या आधारे गर्भातच ही मुले शोधून त्यांचा जन्म टाळला जाऊ लागला, तेव्हा त्यांना फार दुःख झाले. त्याविरुद्ध ते उघडपणे बोलले आणि त्यामुळे वैज्ञानिक जगात एकटे पडले. १९७४ साली ते परमगुरूंच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना जीवनविषयक नव्या अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमले. पण फुप्फुसाच्या कर्करोगाने ३ एप्रिल १९९४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, ते प्रभुचरणी विलीन झाले. २१ जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे वीरोचित सद्‌गुण मान्य केले आणि ख्रिस्तसभा आता त्यांना आदरणीय म्हणते.

त्यांना ध्यास होता तो इलाजाचा. तो त्यांना सापडला नाही. त्यांच्या हयातीतच त्या २१ व्या गुणसूत्राची आणखी एक बाजू उघड झाली. १९८४ साली अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांना अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे प्रथिन डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही आढळले. १९८७ साली त्या प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असल्याचे सिद्ध झाले. गुणसूत्र तीन, म्हणून जनुकही तीन. प्रथिन जन्मापासून जास्त तयार होते आणि हळूहळू साचत जाते. चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत हे बदल दिसतात. विस्मरणाची लक्षणे मात्र बहुधा पन्नाशीच्या आसपास सुरू होतात.

पूर्वी हा प्रश्न फारसा पुढे येत नसे, कारण ही माणसे तेवढी जगतच नसत. अमेरिकेत १९८३ साली त्यांचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षे होते. आज ते साठीच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियांनी आणि चांगल्या उपचारांनी हे घडवले. म्हणजे आता ऐंशीच्या आईच्या हाताशी पन्नाशीचा मुलगा आहे, आणि तो रोजची वाट विसरू लागला आहे.

अशा वेळी आपण काय करावे? तो अबोल झाला, चिडू लागला, पायऱ्या उतरताना अडखळू लागला, पूर्वी फिट येत नसताना आता येऊ लागली, तर तो असाच आहे म्हणून सोडून देऊ नये. थायरॉईड, ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणे, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही असेच दिसते, आणि यांवर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी. पस्तिशीच्या सुमारास तो काय काय स्वतः करतो याची वहीत नोंद ठेवली, तर पुढचा बदल डॉक्टरांना ओळखता येतो.

मार्गदर्शनासाठी खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठीचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. हे काम आईवडील धडधाकट असतानाच उरकावे.

आमच्यानंतर याचे कोण, हा प्रश्न त्या घरातले आईवडील रोज रात्री मनाशी विचारतात. आपण त्यांना मिस्सानंतर दारात हात जोडून निघून जातो. पुढच्या रविवारी दोन मिनिटे थांबू या. त्या मुलाशी त्याच्या नावाने बोलू या आणि आईला विचारू या, दवाखान्यात सोबत कुणी हवे आहे का?