बाबासाहेब आणि वीज

होस्टेलची लाइट गेली की आपण सगळे रेक्टरच्या नावाने ओरडतो. देशात ही लाइट आणायचं प्लॅनिंग करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे मला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं. १४ एप्रिल १८९१ चा महूचा जन्म, परळच्या चाळीतली खोली, कोलंबिया, लंडन, चवदार तळं, राज्यघटना हे सगळं शाळेत झालं. मधली चार वर्षं राहूनच गेली.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. या खात्याकडे पाटबंधारे आणि वीजसुद्धा होती. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीची वीज मिळत होती, खेडी मात्र अंधारात. बाबासाहेबांचं गणित अर्थशास्त्रज्ञाचं. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर कारखाने हवेत, त्यांना स्वस्त आणि भरपूर वीज हवी, आणि ती नुसत्या नफा बघणाऱ्यांवर सोडून चालणार नाही. देशभराचा विचार एका ठिकाणी व्हावा म्हणून १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड आलं. १९४५ मध्ये नद्यांसाठी केंद्रीय आयोग आला. आजचं सेंट्रल वॉटर कमिशन त्याचाच वारस.

त्याआधी १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला होता. ऐन महायुद्धात रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटले, कलकत्ता एकटं पडलं. बांध आणखी उंच करा, हा नेहमीचा उपाय. पण बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवला. नदी बिहारची की बंगालची हा वाद सोडून अख्खं खोरं एक धरायचं, आणि त्याच धरणांतून पूर थांबवायचा, शेतीला पाणी द्यायचं, वीजही काढायची. १९४५ मध्ये त्यांनी दोन्ही प्रांतांना कलकत्त्यात एकत्र बसवलं. १९४६ मध्ये पद सुटलं. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा, म्हणजे डीव्हीसीचा, कायदा १९४८ मध्ये झाला.

पुढचं थोडं कडू आहे. तिलैया धरण १९५३ मध्ये सुरू झालं. आराखड्यात जास्त धरणं होती, डीव्हीसीने चारच बांधली. त्यातली मैथन (१९५७) आणि पंचेत (१९५९) बघायला बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. पाण्याखाली गावं गेली, त्यात संथाळांची बरीच. खोऱ्यात कोळसा मुबलक, त्यामुळे डीव्हीसी वाढली ती कोळशावर. तिची पाण्यावरची क्षमता जेमतेम १४७ मेगावॅट, कोळशावरची काही हजार. आता कोळसा सोडून सोलरकडे वळायचं म्हणतात. तिथेही मोठी जमीन लागते, आणि ती कोणाची, हा प्रश्न दामोदरच्या काठी तेव्हाच पडलेला आहे.