हृदयाला विसावा देणारे डॉ. गिबन

हृदयाच्या पडद्याला जन्मतःच छिद्र असलेले काहीजण ते घेऊनच पन्नाशी-साठी गाठतात. तोवर हृदयाची उजवी बाजू ताणलेली असते, झडपांतूनही रक्ताची गळती सुरू झालेली असते. आज छिद्र बुजवणे आणि झडप दुरुस्त करणे एकाच शस्त्रक्रियेत साधते. कारण तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसांचे काम यंत्र सांभाळते. या यंत्रासाठी सुमारे दोन दशके वेचणारे शल्यविशारद म्हणजे डॉ. जॉन गिबन.

२९ सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉक्टरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२७ मध्ये जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन ते पुढे बोस्टनला गेले. तेथे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका स्त्रीच्या उशाशी त्यांनी रात्र जागून काढली. अखेर शस्त्रक्रिया झाली. पण ती वाचली नाही. तिचे रक्त शरीराबाहेर शुद्ध करून परत सोडता आले असते तर, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही.

पत्नी मेरी यांच्या साथीने त्यांनी मांजरांवर प्रयोग आरंभले. १९३५ मध्ये यंत्राच्या आधारे मांजर जगवण्यात यश आले. महायुद्धातील लष्करी सेवेनंतर आयबीएम कंपनीच्या अभियंत्यांचे साह्य लाभले. १९५२ मध्ये पहिला रुग्ण, एक तान्हे बाळ, दगावले. निदानच चुकले होते. ६ मे १९५३ रोजी मात्र १८ वर्षांच्या तरुणीच्या हृदयातील छिद्र त्यांनी बुजवले. २६ मिनिटे तिचा प्राण पूर्णतः यंत्राच्या हवाली होता. ती बरी होऊन घरी गेली.

मात्र त्यानंतरच्या दोन्ही बालिका दगावल्या. व्यथित झालेल्या गिबन यांनी हृदयशस्त्रक्रिया थांबवली. पण यंत्राचे आराखडे त्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवले नव्हते. मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जॉन कर्कलिन यांनी त्यात सुधारणा केल्या आणि १९५५ पासून यशस्वी शस्त्रक्रियांची मालिका सुरू केली.

१९६८ मध्ये गिबन यांना लास्कर पुरस्कार मिळाला. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ज्या शस्त्रक्रियेपासून ते स्वतः दूर झाले, तिचा मार्ग मात्र त्यांनीच इतरांसाठी मोकळा केला होता.