रेवदंड्याचं उधाण, अष्टमीचा भांग आणि नागावचे केरूनाना; काय आहे दोन लाटांचं गणित?

रेवदंड्याच्या खाडीत पाण्याला किती जोर असेल, हे कोळी तिथीवरून सांगतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हे असं का होतं, ते शोधताना रेवदंडा-अलिबाग रस्त्यावरच्या नागावात १८२५ साली जन्मलेल्या एका गणितज्ञाची गाठ पडते. ते म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, सगळ्यांचे केरूनाना.

ऐन पोरवयात, १८४० च्या सुमारास ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत लागले. पुढे ज्ञानप्रसारक सभेत त्यांनी भरती-ओहोटीवर निबंध वाचला, तोही मराठीत.

भरतीत नेमकं काय घडतं?

चंद्रामुळे येणारी भरतीची लाट साधारण १२ तास २५ मिनिटांची असते, सूर्यामुळे येणारी १२ तासांची. सूर्याची लाट चंद्राच्या लाटेच्या निम्म्याहून कमी. दोन्हींचे माथे जुळले की उधाण. एकीच्या माथ्यावर दुसरीचा खळगा आला की भांग. लहान लाट मोठीला पुसू शकत नाही, म्हणून भांगातही भरती येतेच. भौतिकशास्त्रात याला व्यतिकरण म्हणतात.

ही जुळणी रोज सरकते, पण ठरलेल्या गतीने. पावणेपंधरा दिवसांनी माथ्याला माथा पुन्हा भिडतो. दोन लाटांचं नातं असं हिशेबात बसणं म्हणजे सुसंगतता, अर्थात कोहेरन्स. दोन बल्बच्या उजेडात हे नातं क्षणोक्षणी बदलतं, म्हणून तिथे प्रकाशाचे पट्टे दिसत नाहीत.

मग तिथी कुठे आली?

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. अष्टमीच्या मध्यावर हे अंतर ९० अंश. म्हणजे तिथी हा या दोन लाटांच्या जुळणीचाच आकडा! किनाऱ्यावर परिणाम दिसायला एखाद-दोन दिवस जातात, इतकंच.

हा आकडा पंचांगात मात्र जुन्या गणिताने येत होता. त्याचा आधार होता ‘ग्रहलाघव’, १५२० चा ग्रंथ. तो लिहिणारे गणेश दैवज्ञही याच किनाऱ्यावरच्या, मुरुडजवळच्या नांदगावचे. ग्रंथ उत्तमच, पण तीन शतकांत फरक साठत गेला. तिथी थोडी चुकल्याने होडी बुडत नाही, पण ग्रहणाची वेळ चुकते.

केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. १८६५ पासून पटवर्धनांच्या साह्याने नवं पंचांगही काढलं. धर्मकृत्यांच्या वेळा बदलणार म्हणून विरोध झाला. पुण्यात प्राध्यापक असलेल्या केरूनानांकडे टिळक-आगरकर शिकले, पण घरोघरचं पंचांग काही बदललं नाही. १८८४ मध्ये केरूनाना गेले, तेव्हाही बहुतेक ठिकाणी जुनंच पंचांग चालू होतं. पुढे पंचांगशोधनाचं काम त्यांचे विद्यार्थी टिळक यांनी हाती घेतलं.